रक्त आपलं, पुरावा कुणाचा?

१९९७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, काही दिवसांच्या अंतराने दोन औषधांना परवानगी दिली. एक होतं रिग्रानेक्स, मधुमेह्यांच्या पायावरच्या वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांवर लावायचं जेल. दुसरी होती प्रोपेशिया, पुरुषांच्या टकलासाठी रोज घ्यायची एक मिलिग्रॅमची गोळी. वरवर पाहता दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांचंही मूळ एकाच साली, १९७४ मध्ये, छापून आलेल्या संशोधनापर्यंत पोचतं. आणि आज पुण्या-मुंबईत केस विरळ झालेल्या माणसाच्या टाळूत त्याच्याच रक्तातला पिवळसर द्रव टोचतात, तो पीआरपी नावाचा उपचार या दोन घराण्यांच्या मधोमध बसतो. जेल आणि गोळी दोघांनाही परीक्षा देऊन आत यावं लागलं. पीआरपीची ती परीक्षा कुणी घेतलीच नाही.

त्या द्रवात भरलेल्या प्लेटलेट्सची पहिली नीट ओळख करून दिली ती तुरीनच्या जूलिओ बिझोझेरोने, १८८२ च्या सुमारास. भूल दिलेल्या गिनीपिगच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तो सूक्ष्मदर्शकाखाली धरत असे, तेही रक्त वाहतं असताना. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींच्या सोबतीने त्याला तिसरंच काही वाहताना दिसलं: रंगहीन, चपटं, फार लहान. हे कण आधीही काहींच्या नजरेस पडले होते, पण पुष्कळांना तो पेशींचा चुरा वाटला होता. बिझोझेरोने वाहिनीच्या भिंतीला मुद्दाम इजा केली. सगळ्यात आधी तिथे चिकटले ते हेच कण. त्यानंतर कितीतरी वर्षं रक्त थांबवणं एवढंच प्लेटलेटचं काम मानलं गेलं.

आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचवला डेंग्यूने. आकडा पडला की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात आणि शेजारी पपईच्या पानांचा रस सुचवतात. प्लेटलेट्स वेगळ्या काढून देण्याची निकड मात्र आधी निर्माण झाली ती ल्युकेमियाच्या वॉर्डात. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५५ साली एमिल फ्रायराइख हा तरुण डॉक्टर रुजू झाला, तेव्हा तिथली मुलं पुष्कळदा रक्तस्रावाने दगावत होती. साठवलेलं रक्त दिलं तरी रक्तस्राव थांबत नसे, कारण साठवणीत प्लेटलेट्स निकामी होत. ताजं रक्त दिलं की थांबे. १९६२ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्लेटलेट्सची संख्या आणि रक्तस्राव यांचं नातं आकड्यांत मांडलं. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायची युक्ती १९१४ पासून माहीत होती. आता काचेच्या बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली होती. पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसत आणि वर पिवळा प्लाझ्मा उरे, प्लेटलेट्सनी भरलेला. लोणी काढून घ्यावं तसा तो दुसऱ्या पिशवीत काढून घ्यायचा. रक्तपेढीतली माणसं या मधल्या मालाला पीआरपी म्हणत, प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तो स्वतः एक उपचार होईल असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं.

मग १९७४ साल उजाडलं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस नावाचा संशोधक होता. शिक्षणाने दंतवैद्य, पण पेशींच्या नादाने विकृतिशास्त्रात रमलेला. त्याला जखमांशी किंवा केसांशी देणंघेणं नव्हतं. हृदयविकारात रक्तवाहिन्या आतून जाड का होतात, भिंतीतल्या स्नायुपेशी एकाएकी का वाढू लागतात, हे त्याला शोधायचं होतं. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला सीरम लागतं, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी. सीरम घातलं की पेशी वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातलं नेमकं काय वाढवतं, याचा शोध मात्र अपुरा होता.

रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या रक्तापासून दोन तऱ्हेचं सीरम केलं. एक, सगळंच्या सगळं रक्त गोठू देऊन. दुसरं, आधी पेशी आणि प्लेटलेट्स काढून टाकून, उरलेला प्लाझ्मा गोठवून. पहिल्या सीरममध्ये माकडाच्या धमनीतल्या स्नायुपेशी भराभर वाढल्या, दुसऱ्यात त्यांची वाढ अगदीच मंदावली. मग त्यांनी दुसऱ्या तऱ्हेच्या प्लाझ्मात गोठण्याच्या वेळी फक्त प्लेटलेट्स परत मिसळल्या, आणि वाढ पहिल्याइतकी झाली. प्रयोग इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा, आणि त्यातून निघालेली गोष्ट अशी, की प्लेटलेट नुसती भोक बुजवत नाही, फुटताना ती आसपासच्या पेशींना वाढायचा हुकूमही सोडते. हा हुकूम देणारं प्रथिन पुढे पीडीजीएफ या नावाने ओळखलं गेलं. त्याच्या मागोमाग टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ अशी इतर वाढघटकांची नावं आली. प्लेटलेटच्या पोटातल्या बारीक पुड्यांमध्ये ही सगळी भरलेली असतात.

रॉसच्या लेखी ही चांगली बातमी नव्हती. त्याच्या कथेत प्लेटलेट खलनायक होती, धमनी बंद करायला हातभार लावणारी. १९८३ साली तर आणखी मोठा धक्का बसला. पीडीजीएफची रचना माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळत असल्याचं दोन गटांनी दाखवलं. वाढवण्याची ताकद कुठे वापरली जाते यावर तिचा गुण-अवगुण ठरतो, हे तेव्हाच उघड झालं होतं. पीआरपीच्या जाहिरातीत हा भाग नसतो.

त्याच १९७४ साली ज्युलियान इम्पेरातो-मॅकगिन्ली या डॉक्टरने डोमिनिकन रिपब्लिकमधल्या लास सालिनास गावाविषयी लिहिलं. तिथली काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषत्वाची लक्षणं उमटत. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त तीव्र संप्रेरकात रूपांतर करणारं एन्झाइम त्यांच्यात कमी पडत होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. मर्क कंपनीने हा धागा उचलला. आधी प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइडची पाच मिलिग्रॅमची गोळी आली, १९९२ मध्ये, आणि पाच वर्षांनी तेच औषध टकलासाठी, म्हणजे प्रोपेशिया. मंजुरीसाठी दाखवलेल्या मुख्य चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना बिनऔषधी गोळी, आणि वर्षभर डोक्यावरच्या ठरावीक वर्तुळातल्या केसांची मोजणी. टाळूला लावायचं मिनॉक्सिडिलही असंच दोन हजारांहून अधिक माणसांवर तपासून १९८८ मध्ये बाजारात आलं होतं. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढे येणारे आकडे फारच लहान आहेत.

जखमांची बाजू मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड नाइटनने लावून धरली. १९८६ च्या त्याच्या निबंधात ४९ रुग्णांच्या ९५ जखमा आहेत. या जखमांवर आधी सरासरी १९८ आठवडे नेहमीचे उपचार झाले होते, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. रुग्णाच्याच प्लेटलेट्समधून काढलेला अर्क लावल्यावर त्या सरासरी साडेदहा आठवड्यांत पूर्ण भरल्या. आकडे डोळे दिपवणारे होते, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. नियमित ड्रेसिंग, मेलेलं मांस काढणं, रोज कुणीतरी जखमेकडे लक्ष देणं, यातलं श्रेय कशाला किती, ते सुटं करता येत नव्हतं. उपचार विकले जाऊ लागले. पण अमेरिकी सरकारच्या मेडिकेअर या आरोग्यविम्याने १९९२ मध्ये त्यांचे पैसे द्यायला नकार दिला.

औषध कंपन्यांनी यातून वेगळा मार्ग काढला. रक्ताच्या अर्काचं पेटंट आणि मोजमाप दोन्ही अवघड, तेव्हा त्यातला एकच वाढघटक, पीडीजीएफ, यीस्टमध्ये तयार करायचा, डोस ठरवायचा आणि चाचण्या करायच्या. तेच रिग्रानेक्स. २००८ मध्ये, तीन किंवा अधिक ट्यूब वापरणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसल्यावरून, त्याच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला गेला. पुढच्या माहितीने ती भीती तितकी टिकली नाही आणि २०१८ मध्ये चौकट काढली. औषध म्हणून दारातून आलेल्या वस्तूवर अशी नजर राहते, शंका आली तर लिहावी लागते, फिटली तर पुसावी लागते. तेच प्रथिन माणसाच्या स्वतःच्या प्लेटलेट्समधून त्याच्याच अंगात टोचलं, तर ना चौकट, ना नोंद.

पीआरपीला उपचार म्हणून आजचं रूप दिलं जबड्याच्या शस्त्रक्रियेने. मायामी विद्यापीठाच्या रॉबर्ट मार्क्सने १९९८ मध्ये ८८ रुग्णांचा निबंध छापला. गाठी काढताना ज्यांच्या खालच्या जबड्याचा तुकडा गेला होता, त्यांना हाडाचं कलम लावायचं. काहींच्या कलमात रुग्णाच्याच एकवटलेल्या प्लेटलेट्स मिसळल्या. क्ष-किरणात ही कलमं दीडपट ते दुप्पट वेगाने पक्व झालेली दिसली. पुढे मार्क्सनेच सांगितलं की खरं पीआरपी म्हणायचं तर मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास प्लेटलेट्स हव्यात. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असतात. पुढच्या पंचवीस वर्षांत ज्यांनी पीआरपी घेतलं, त्यांतल्या किती जणांच्या नळीतल्या प्लेटलेट्स कुणी मोजल्या असतील, याची मला शंका आहे.

दंतवैद्यकातून ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं, तिथून मैदानावर. २००९ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हाइन्स वॉर्ड दुखावलेल्या गुडघ्यावर पीआरपी घेऊन सुपर बोलच्या अंतिम सामन्यात उतरला आणि संघ जिंकला. एवढी जाहिरात पुरेशी होती. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली आणि वर्षभरात ती उठवलीही, कारण त्याने खेळ सुधारतो याचा पुरावा मिळेना. त्याच २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी टाचेच्या वरच्या शिरेचं जुनं दुखणं असलेल्या ५४ रुग्णांपैकी काहींना पीआरपी टोचलं, काहींना मिठाचं पाणी. दोन्ही गट सुधारले, सारखेच. हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला, गाजला, आणि दवाखान्यांतल्या रांगेवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

केसांत पीआरपी आणलं ते ब्राझीलने. पोर्तो अलेग्रीचे प्लास्टिक सर्जन कार्लोस उएबेल केशरोपण करत. रोपणाच्या शास्त्राचा पाया न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्रिकने पन्नासच्या दशकात घातला होता. मानेजवळचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळचा स्वभाव ठेवतो, डीएचटीला बळी पडत नाही, हे त्याने दाखवलं. अडचण उरली होती ती वेगळीच. मुळं काढल्यापासून लावेपर्यंत त्यांना रक्त मिळत नाही आणि काही मरतात. उएबेलना वाटलं, लावण्याआधी ही मुळं प्लेटलेट्सच्या द्रावात भिजवून ठेवली तर?

त्यांनी २० पुरुषांच्या डोक्यावर दोन छोटे चौकोन आखले आणि दोन्हीकडे दर चौरस सेंटीमीटरला सारखीच, वीस-वीस मुळं लावली. एका बाजूची भिजवलेली, दुसरीकडची साधी. वर्षभराने मोजलं. भिजवलेल्या बाजूला सरासरी १८.७ मुळं रुजली होती, साध्या बाजूला १६.४. निबंध २००६ मध्ये छापून आला. मला हा प्रयोग आवडतो. त्याच माणसाचं तेच डोकं दोन्ही बाजूंना, त्यामुळे वय, संप्रेरकं, खाणंपिणं यांचा वाद उरत नाही, आणि दावा लहानसा आहे: काढलेलं मूळ मरू नये. शेवटी ही जखमेचीच गोष्ट होती, रॉस आणि नाइटनच्या ओळीत चपखल बसणारी.

पुढची उडी मात्र लांब होती. कापलेलं मूळ जगवणं वेगळं आणि टाळूत जागच्या जागी बारीक होत चाललेल्या मुळाला पुन्हा जाड केस द्यायला लावणं वेगळं. नेहमीच्या टकलात जखम कुठेच नसते. जेम्स हॅमिल्टनने १९४२ मध्येच दाखवलं होतं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण गेले त्यांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे संप्रेरकही हवं आणि वारसाही. डीएचटीच्या प्रभावाने केसाचा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो आणि जाड केसाच्या जागी लव येते. आशा एवढीच की मूळ सहसा नाहीसं होत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये टकलाच्या भागातली त्वचा तपासली, तेव्हा मूळपेशी तिथे जवळजवळ तेवढ्याच सापडल्या. त्यांच्यापासून पुढे निघणाऱ्या, केस घडवणाऱ्या पेशी कमी होत्या. मूळपेशी झोपल्या असतील तर प्लेटलेट्स त्यांना हाक मारतील, असा तर्क मग सहज बांधता आला.

आपल्याकडे तो लगेच रुजला. पुण्याच्या श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागाने २०१४ मध्ये अकरा रुग्णांचा निबंध छापला. सहा महिने मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड घेऊनही ज्यांना गुण आला नव्हता, त्यांना दर पंधरा दिवसांनी चार वेळा, इन्सुलिनच्या सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पीआरपी दिलं. केस गळणं कमी झालं आणि ठरावीक जागेतली मुळं सरासरी ७१ वरून ९३ वर गेली. तुलनेला गट नव्हता. लेखकांनी शीर्षकातच प्रश्न विचारला होता, की हे मिथक आहे की खरंच उपयोगी साधन. प्रामाणिक शीर्षक. त्यातला प्रश्न दवाखान्यांच्या फलकांवर पोचेपर्यंत गळून पडला. पुढच्याच वर्षी रोमच्या तोर वेर्गाता विद्यापीठाने अर्ध्या डोक्यावर पीआरपी, अर्ध्यावर बिनऔषधी द्रव असा २० पुरुषांचा अभ्यास छापला, आणि त्यात पीआरपीची बाजू स्पष्ट सरस ठरली. २०१६ मध्ये २६ स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत, एका इंजेक्शननंतर, मिठाच्या पाण्याहून मोजता येण्याजोगा फरक निघाला नाही. समर्थक म्हणतात, एकाने काय होतंय, तीन-चार हवीत. बरोबरही असेल. पण सरळ तुलना करायला हे अभ्यास सारखे हवेत, आणि ते सारखे नाहीत: कुणी एकदा फिरवतो, कुणी दोनदा, कुणी कॅल्शियम घालतो, कुणी नाही, पांढऱ्या पेशी कुणी ठेवतो, कुणी टाकतो. शिवाय प्रत्येक माणसाचं रक्त मुळात वेगळं.

माझ्या मते सगळ्यात टोचणारा प्रश्न मुंबईतून आला, आणि तो पीआरपीविषयी नव्हताच. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात १०० पुरुषांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मिनॉक्सिडिल. अर्ध्यांच्या टाळूवर त्याशिवाय आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेत सुयांच्या गटात सरासरी ९१ केस वाढले, नुसत्या मिनॉक्सिडिलच्या गटात २२. सुई टोचली की रक्त येतं, रक्त आलं की प्लेटलेट्स फुटतात. बिझोझेरोने काचेखाली पाहिलं ते हेच. मग पीआरपीच्या बैठकीत शेकडो टोचण्यांनंतर केस आले, तर ते सेंट्रिफ्यूजमधून आलेल्या प्लेटलेट्समुळे की सुईने जागच्या जागी बोलावलेल्या? म्हणून तुलनेच्या बाजूला मिठाचं पाणी टोचणं हवं. नुसतं काहीच न करणं ही तुलना नव्हे.

एवढ्या साध्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर का झाल्या नाहीत, याचं कारण रक्ताच्या मालकीत आहे. रक्त रुग्णाचं, त्याचं पेटंट कुणाला मिळत नाही, मग दीड हजार माणसांवर वर्षभर खर्च कोण करणार? कंपन्या विकतात ती यंत्रं आणि किट. अमेरिकेत या यंत्रांना मिळालेली मंजुरी मुख्यतः हाडाच्या कलमात पीआरपी मिसळून ते हाताळायला सोपं व्हावं यासाठी आहे. मार्क्सच्या जबड्याचा तो वारसा. टाळूवर वापरणं त्या मंजुरीबाहेरचं, डॉक्टरच्या विवेकावर सोडलेलं. स्वतःचंच असल्यामुळे ॲलर्जीची भीती जवळजवळ नाही, हे खरंच आहे, आणि बहुतेकांना दुखण्यापलीकडे त्रास होत नाही. पण ‘स्वतःचं’ हे नळीवरच्या नावावर अवलंबून असतं. न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ पासून उघड होत गेलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याचा अहवाल छापला. तपासणीत स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या मिळाल्या होत्या.

रोमच्या निबंधात एक नोंद आहे, ती जाहिरातीत कधी दिसत नाही. त्या २० जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. बारा महिन्यांनी चौघांचे केस पुन्हा गळू लागले, सोळाव्या महिन्यापर्यंत ते ठळक झालं आणि त्यांना परत इंजेक्शनं दिली गेली. यात नवल नाही. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, आणि डीएचटी तर पुरुषाच्या अंगात रोज तयार होत राहतं. त्यामुळे जे त्वचारोगतज्ज्ञ पीआरपी देतात, त्यांतले सावध डॉक्टर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड बंद करू देत नाहीत आणि पुढची तारीख पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात.